पटकथेचे एकक आणि लेखकाचे वर्ष

१

एखादा पटकथाकार वर्षाकाठी किती पटकथा लिहू शकतो, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. दोन तासांच्या चित्रपटाची संहिता अमेरिकी पद्धतीने मांडली तर पानास एक मिनिट या प्रमाणात ती सुमारे १२० पानांची होते. लेखकाने रोज तीन पाने लिहिली तर ती ४० दिवसांत हातावेगळी व्हावी, आणि ३६५ दिवसांत अशा नऊ संहिता सिद्ध व्हाव्यात. हा हिशेब अंकगणित म्हणून निर्दोष आहे. तथापि एकट्याच्या बळावर दरसाल नऊ पटकथा रचणारा आणि त्या नऊही टिकाऊ ठरलेला लेखक चित्रपटाच्या इतिहासात शोधू गेल्यास सापडत नाही. तेव्हा चूक गुणाकारात नसून ज्याचा गुणाकार केला त्या एककात असली पाहिजे.

या प्रश्नाचा संबंध केवळ व्यवसायाशी आहे असे समजून साहित्यसमीक्षेने त्याकडे पाठ फिरविली आहे. परंतु मराठीपुरते बोलावयाचे तर या प्रश्नाची तड लावल्याखेरीज एका मोठ्या लेखकाचे मूल्यमापन होऊच शकत नाही. ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) यांचे नाव दीडशेहून अधिक मराठी आणि वीसहून अधिक हिंदी चित्रपटांशी निगडित आहे. १९४२ पासून मोजल्यास हा पसारा पस्तीस वर्षांचा होतो, म्हणजे सरासरी वर्षास पाच चित्रपट. या आकड्याकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. एका रीतीने आकडा हाच प्रतिभेचा पुरावा ठरतो आणि विवेचन गौरवात विरघळून जाते. दुसऱ्या रीतीने आकडा हाच घाऊकपणाचा पुरावा ठरतो आणि विवेचन सुरू होण्यापूर्वीच संपते. दोन्ही पक्षांनी आकडा गृहीत धरला आहे. तो कशाचा आकडा आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

२

'लिहिणे' हे मराठी क्रियापद या बाबतीत फसवे आहे. कविता लिहिणे, पत्र लिहिणे आणि पटकथा लिहिणे या तिन्ही प्रयोगांत क्रियापद तेच असले तरी कर्माचे स्वरूप सारखे नाही. कविता कवीने लिहिली की ती पुरी झाली. पटकथा हे मात्र पुढे घडावयाच्या दुसऱ्या एका वस्तूचे लिखित पूर्वरूप असते. ते पूर्वरूप एकजिनसीही नसते. त्यात किमान चार थर दाखविता येतात. पहिला कथाबीजाचा, दुसरा प्रसंगक्रमाचा, म्हणजे कोणता प्रसंग कोणत्या प्रसंगानंतर व किती अवकाशात यावा याच्या रचनेचा, तिसरा संवादांचा, आणि चौथा पुनर्लेखनाचा. पुनर्लेखनाचा थर दिग्दर्शक, निर्माता, नट आणि चित्रीकरणाची परिस्थिती यांच्या दडपणाखाली शेवटपर्यंत चालू राहतो. मराठी चित्रपटात पाचवा थर गीतांचाही असतो आणि माडगूळकरांच्या बाबतीत तो सर्वांत जाड आहे.

भारतीय चित्रपटाच्या श्रेयनामावलीने हे थर फार पूर्वीपासून वेगळे ओळखले आहेत. 'कथा', 'पटकथा' आणि 'संवाद' अशी तीन श्रेये स्वतंत्रपणे देण्याचा जो प्रघात येथे आहे, तो अनेकदा अव्यवस्थेचे लक्षण मानला जातो. वस्तुतः तो विश्लेषणाच्या दृष्टीने अत्यंत सोयीचा आहे. विजय तेंडुलकरांची उदाहरणे पाहावीत. 'निशांत' (१९७५) या चित्रपटाची पटकथा त्यांची, संवाद सत्यदेव दुबे यांचे. 'मंथन' (१९७६) मध्ये पटकथा तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमी यांचे. 'अर्धसत्य' (१९८३) मध्ये मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची आणि संवाद वसंत देव यांचे. या तिन्ही चित्रपटांत तेंडुलकरांनी पात्रांच्या तोंडचे अखेरचे हिंदी शब्द योजिलेले नाहीत. तरीही त्या चित्रपटांची लेखनदृष्ट्या घडण त्यांची आहे, याबद्दल दुमत नाही. उलट 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये पटकथा प्रयाग राज यांची आणि संवाद कादर खान यांचे. कादर खान यांच्या नावावर दोनशेहून अधिक चित्रपटांचे संवाद जमा आहेत. तेंडुलकरांच्या पटकथा आणि कादर खान यांचे संवादलेखन यांचे आकडे एकाच स्तंभात मांडून तुलना करणे म्हणजे वास्तुशिल्पज्ञाने आखलेली घरे आणि गिलावा करणाऱ्याने लिंपिलेल्या भिंती एकत्र मोजणे होय. दोन्ही कामे कौशल्याचीच आहेत, परंतु त्यांचे एकक एक नाही.

श्रेयनामावली नेहमीच खरे बोलते असेही नाही. 'गॉन विथ द विंड' (१९३९) या चित्रपटाच्या पटकथेचे श्रेय एकट्या सिडनी हॉवर्ड यांना मिळाले आणि त्यांच्या निधनानंतर अकादमी पुरस्कारही त्यांच्याच नावे जाहीर झाला. चित्रीकरण मध्येच थांबवून बेन हेक्ट यांच्याकडून सुमारे आठवडाभरात ती संहिता दुरुस्त करून घेण्यात आली होती; पडद्यावर त्यांचे नाव नाही. हेक्ट यांनी आपल्या १९५४ च्या आत्मचरित्रात, आपली कोणतीही पटकथा आठ आठवड्यांहून अधिक काळ चालली नाही आणि पुष्कळशा दोन आठवड्यांतच उरकल्या, अशी ग्वाही दिली आहे. हे विधान शीघ्रलेखनाचे प्रमाण म्हणून वारंवार पुढे केले जाते. त्या एका आठवड्याच्या कामामागे हॉवर्ड यांचा सिद्ध खर्डा उभा होता, आणि त्या खर्ड्यामागे मार्गारेट मिचेल यांची हजार पानांची कादंबरी होती, हे सांगण्याचे राहून जाते. हेक्ट यांचा आठवडा खरा आहे. पण तो चौथ्या थराचा आठवडा आहे.

३

थर वेगळे केल्यानंतर प्रत्येक थराचा वेग कशावर अवलंबून असतो, हे पाहता येते. या ठिकाणी मौखिक महाकाव्याच्या अभ्यासाचे साह्य होते. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांचा अभ्यास करून असे दाखविले की, हजारो ओळींचे आख्यान गाता गाता रचणारा गायक प्रत्येक ओळ नव्याने शोधीत नसतो. ठरीव पदबंध, ठरीव प्रसंग आणि ठरीव कथाक्रम यांचा साठा त्याने बालपणापासून आत्मसात केलेला असतो आणि त्या साठ्यातून तो क्षणोक्षणी निवड करीत असतो. लॉर्ड यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथाचा हा गाभा होय. वेग हा येथे घाईचा परिणाम नसून परंपरेचा परिणाम आहे.

माडगूळकरांच्या शीघ्रतेचे स्पष्टीकरण या दिशेने शोधले पाहिजे. माणदेशातील खेडे, कीर्तन, ओवी, लावणी, पोवाडा, पंतकवींची वृत्ते आणि संतांचे अभंग यांचा जो साठा त्यांच्यापाशी होता तो केवळ शब्दांचा नव्हता. तो वाक्यघाटांचा, लयींचा आणि संबोधनांचा होता. पाटील, भटजी, शाहीर, विधवा बहीण, शहरात बावरलेला खेडूत यांतील प्रत्येकाने कसे बोलावे हे त्यांना शोधावे लागत नसे. संवाद आणि गीते या दोन थरांत त्यांचा हात जो अडत नाही, तो यामुळे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा चित्रपटाबाहेरचा आहे. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत प्रसारित झाले. या वर्षभरात माडगूळकरांनी ५६ गीते लिहिली आणि सुधीर फडके यांनी ती संगीतबद्ध केली. आठवड्यामागून आठवडा मुदत पाळावयाची, आणि तीही गीताचा दर्जा न ढळू देता, ही गोष्ट कोणत्याही कसोटीवर असामान्य ठरेल. परंतु याच वर्षात काय करावे लागले नाही, हेही पाहिले पाहिजे. कथाबीज शोधावे लागले नाही. ते वाल्मीकीचे होते. प्रसंगांचा अनुक्रम ठरवावा लागला नाही. तोही मुख्यतः तयार होता. कोणते प्रसंग घ्यावयाचे आणि प्रत्येक गीत कोणाच्या मुखी घालावयाचे, ही निवड तेवढी कवीची होती. पहिले दोन थर परंपरेने भरून दिल्यामुळे सारी शक्ती तिसऱ्या थरात ओतता आली. 'रामजोशी' (१९४७) या चित्रपटाचेही काही अंशी असेच आहे. शाहिराचे चरित्र, त्याच्या भोवतीच्या आख्यायिका आणि लावणीची सिद्ध परंपरा लेखकाच्या हाताशी होती. संतपट, पौराणिक चित्रपट आणि तमाशापट यांची संख्या ज्या लेखकाच्या यादीत मोठी असते, त्याची वार्षिक सरासरी वाढलेली आढळते, याचे कारण हेच.

यावरून एक सामान्य विधान करता येईल. लेखकाचा वार्षिक आकडा त्याच्या लेखणीच्या गतीपेक्षा तयार साठ्याच्या प्रमाणाने ठरतो. ज्या थराला साठा उपलब्ध आहे तो थर लवकर भरतो. ज्या थराला साठा नाही तो थर लेखकाचे वर्ष खातो.

४

दुसऱ्या थराला, म्हणजे नव्या कथेच्या प्रसंगरचनेला, असा साठा क्वचितच लाभतो. येथे काळाचे माप कसे बदलते हे माडगूळकरांच्याच एका कृतीवरून दाखविता येईल. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या शांतारामांच्या चित्रपटाचे कथालेखन त्यांचे. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून उघड्या माळावर शेती करावयास लावणारा तुरुंगाधिकारी हे त्याचे मध्यवर्ती सूत्र. हे सूत्र कल्पनेतून उपजलेले नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ च्या सुमारास कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली होती. माडगूळकरांचे शेटफळे हे गाव आटपाडीच्याच परिसरातले आणि त्यांचे शिक्षणही औंधात झालेले. म्हणजे बीज जमिनीत पडल्यापासून त्याला पडद्यावर रूप येईपर्यंत जवळजवळ अठरा वर्षे लोटली. या पटकथेला किती काळ लागला, या प्रश्नाचे उत्तर करारातील आठवड्यांत द्यावे की या अठरा वर्षांत द्यावे? कागदावरचे लेखन काही आठवड्यांचे असेल. पण त्या आठवड्यांत जे उतरले ते साठविण्यास एक तारुण्य खर्ची पडले. अशी बीजे कोणत्याही लेखकाजवळ मोजकीच असतात. वर्षाला पाच चित्रपट लिहिणाऱ्याने त्यांतील प्रत्येक चित्रपट अशा बीजावर उभा केला असेल, हे संभवत नाही. त्यामुळे उरलेल्या कृती हीन ठरत नाहीत. त्या वेगळ्या जातीच्या ठरतात आणि त्यांना वेगळी कसोटी लावावी लागते, एवढेच.

प्रसंगरचनेला लागणाऱ्या काळाचा दुसरा घटक टाकून दिलेल्या कामाचा होय. अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) या चित्रपटाची संहिता कुरोसावा, शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी या तिघांनी आतामी येथील एका विश्रामगृहात स्वतःस कोंडून घेऊन सुमारे पंचेचाळीस दिवसांत सिद्ध केली. तिघांचे पंचेचाळीस दिवस म्हणजे एकाचे साडेचार महिने. त्याआधी एका सामुराईच्या आयुष्यातील एक दिवस रंगविण्याचा संकल्प होता. हाशिमोतो यांनी त्यासाठी काही महिने ग्रंथालयात संशोधन केले. परंतु त्या काळातील दैनंदिन तपशिलांची खात्री पटेना, म्हणून तो संकल्प सोडून देण्यात आला. पडद्यावर जो चित्रपट दिसतो त्याच्या काळात हे गेलेले महिने धरावे की नाही? संख्येचा हिशेब मांडणारा ते धरीत नाही, कारण न झालेल्या चित्रपटाला श्रेयनामावली नसते. परंतु लेखकाच्या वर्षातून ते महिने वजा झालेलेच असतात.

५

आता ज्या लेखकांनी दुसऱ्या थराचे काम सातत्याने केले त्यांचे आकडे पाहावेत. तेंडुलकरांच्या १९७५ ते १९८३ या नऊ वर्षांतील ठळक पटकथा अशा : 'सामना' व 'निशांत' (१९७५), 'मंथन' (१९७६), 'सिंहासन' (१९७९), 'आक्रोश' (१९८०), 'उंबरठा' (१९८२) आणि 'अर्धसत्य' (१९८३). यांच्या जोडीला त्या काळातील त्यांच्या इतर पटकथा जमेस धरल्या, तरी सरासरी वर्षाला एकीच्या आसपासच राहते. याच कालखंडाच्या उत्तरार्धात 'मित्राची गोष्ट' आणि 'कन्यादान' ही नाटकेही आली, हे ध्यानात ठेवावयास हवे. त्यांतही रूपांतरांचा वाटा बारकाईने पाहण्यासारखा आहे. 'सिंहासन'साठी अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एका चित्रपटात बसवावयाच्या होत्या. तेथे लेखनाचे मुख्य अंग वगळणे हे होते. 'अर्धसत्य'साठी पानवलकरांची 'सूर्य' ही एक कथा पूर्ण लांबीच्या चित्रपटापर्यंत न्यावयाची होती. तेथे मुख्य अंग भर घालणे हे होते. 'उंबरठा'मागे शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी होती. तेव्हा 'रूपांतर म्हणजे अर्धे काम' हा समज बरोबर नाही. रूपांतराने पहिला थर भरून मिळतो. दुसरा बहुधा नव्यानेच रचावा लागतो.

व्यावसायिक हिंदी चित्रपटाकडे वळले तरी निराळे चित्र दिसत नाही. सलीम खान आणि जावेद अख्तर या जोडीने १९७१ ते १९८७ या काळात पडद्यावर आलेले सुमारे चोवीस चित्रपट लिहिले. त्यांच्या भरभराटीच्या दशकात ही सरासरी वर्षाला दोनाच्या आसपास पडते, आणि तीही दोन माणसांची. १९७५ साली 'दीवार' आणि 'शोले' हे दोन्ही चित्रपट प्रदर्शित झाले म्हणून ते वर्ष विस्मयकारक वाटते. परंतु प्रदर्शनाचे वर्ष आणि लेखनाचे वर्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'शोले'चे चित्रीकरणच दोन वर्षांच्या सुमारास चालले होते. दीर्घकाळ रेंगाळलेला एक चित्रपट आणि झटपट पुरा झालेला दुसरा चित्रपट एकाच वर्षी पडद्यावर आल्याने लेखकाचा वेग दुप्पट होत नाही.

अमेरिकी करारांत पहिल्या खर्ड्यासाठी साधारणतः बारा आठवड्यांची मुदत धरण्याचा प्रघात आहे, आणि त्यापुढे पुनर्लेखनाच्या फेऱ्या येतात. या सर्वांचा मेळ घालून एक अंदाज मांडता येईल. स्वतंत्र बीजावर एकट्याने रचलेली पटकथा, तिचे संवाद आणि पुनर्लेखन यांत लेखकाचे सहा महिने सहज जातात. म्हणून अशी एक पटकथा दरसाल हे सातत्याचे प्रमाण, आणि दोन ही कमाल मर्यादा समजावी. सिद्ध कथेचे रूपांतर असेल तर दोन, क्वचित तीन. दुसऱ्याने रचलेल्या प्रसंगक्रमावर केवळ संवाद लिहावयाचे असतील तर चार ते सहा. आजच्या दैनंदिन दूरचित्रवाणी मालिकांत वर्षाकाठी शेकडो भाग लिहून होतात ते याच तत्त्वाने. तेथे कथा, पटकथा आणि संवाद ही कामे बहुधा वेगवेगळ्या हातांत दिलेली असतात. संवादलेखकापुढे रोज तयार प्रसंग येतो, आणि पात्रांची बोली पहिल्या काही आठवड्यांतच ठरून गेलेली असते.

६

या अंदाजावर एक आक्षेप संभवतो. प्रतिभेला मोजमाप नसते आणि अपवादात्मक लेखक प्रमाण मोडण्यासाठीच जन्मतात, असे म्हटले जाईल. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. माडगूळकर अपवादात्मक होतेच. मात्र त्यांचा अपवाद कोणत्या थरात आहे, हे सांगितल्याखेरीज 'अपवाद' या शब्दाला अर्थ येत नाही. संवाद आणि गीत या थरांतील त्यांची शीघ्रता निर्विवाद आहे. प्रसंगरचनेत मात्र त्यांच्या उत्तम कृती आणि सामान्य कृती यांमधील अंतर मोठे आहे, आणि ते अंतर तयार साठा, बीजाचे वय व दिग्दर्शकाची साथ या तीन गोष्टींशी ताडून पाहण्यासारखे आहे. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे राजा परांजपे यांचे दोन्ही चित्रपट १९५२ चे आहेत आणि दोहोंतही माडगूळकरांची लेखणी आहे. एकाच वर्षी, एकाच दिग्दर्शकाबरोबर झालेले हे काम तुलनेसाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे आहे. तशी तुलना करावयाची तर प्रत्येक चित्रपटाची नोंद कथाबीज, प्रसंगक्रम, संवाद, गीते आणि पुनर्लेखन अशा स्वतंत्र रकान्यांत झाली पाहिजे. पदव्युत्तर अभ्यासकांना हाती घेण्यासारखे हे काम आहे. ते झाले की दीडशेचा आकडा मोडून त्याच्या जागी पाच लहान आकडे येतील. त्यांतील एक कदाचित दहाबारांचाच असेल, आणि माडगूळकरांचे पटकथाकार म्हणून स्थान त्या दहाबारांवरच ठरेल.

या विवेचनाला एक व्यावहारिक बाजूही आहे आणि ती टाळण्याचे कारण नाही. स्वतंत्र पटकथा वर्षाला एक वा फार तर दोन हेच मानवी प्रमाण असेल, तर लेखकाचा चरितार्थ त्या प्रमाणात चालावयास हवा. जेथे तो चालत नाही, तेथे लेखक संख्या वाढवितो आणि ती वाढविण्याचा एकच मार्ग त्याच्यापुढे असतो, तो म्हणजे साठ्यावर अधिकाधिक भिस्त ठेवणे. २०१२ साली भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चित्रपटातील लेखनाच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या मानधनातील लेखकाचा वाटा कायद्याने मान्य केला. या दुरुस्तीचा संबंध साहित्याच्या गुणवत्तेशी नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु एका पटकथेचे मोल तिच्या आयुष्यभर मिळत राहिले, तर दुसरी पटकथा पिकण्यास अवधी मिळतो. स्वतंत्रपूरच्या त्या वसाहतीला कथा होण्यास अठरा वर्षे लागली. तोवर लेखकाला संसार चालविण्यासाठी इतर कितीतरी चित्रपट लिहावे लागले. त्यांपैकी किती त्याने स्वेच्छेने लिहिले आणि किती गरजेने, याचा निवाडा करण्यापूर्वी समीक्षकाने त्याच्या वर्षाचे महिने एकदा मोजून पाहावेत.